तोलाचं पेटंट

गूगल पेटंट्सच्या शोधचौकटीत ‘यूएस’ ही अक्षरं आणि त्यांना जोडून ८२१३९३ हा आकडा टाकला, की एक जुनं, किंचित डागाळलेलं छापील पान समोर येतं. वर क्रमांक, खाली दोन नावं: ऑर्व्हिल राइट आणि विल्बर राइट, डेटन, ओहायो. शोधाचं नाव एवढंच, ‘उडतं यंत्र’. मग दोन तारखा. अर्ज दाखल २३ मार्च १९०३. पेटंट मंजूर २२ मे १९०६. घाईचा वाचक तारखांवरून पुढे सरकतो. पण या दस्तऐवजातली पहिली गंमत पहिल्याच तारखेत आहे. किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंचं इंजिनाचं विमान उडालं ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. म्हणजे अर्ज गेला तेव्हा ते उड्डाण व्हायला जवळजवळ नऊ महिने होते. जग ज्याला विमानाचं पेटंट म्हणतं, त्यात रेखाटलेल्या यंत्राला इंजिनच नाही. १९०२च्या शरदात किटी हॉकजवळच्या टेकड्यांवरून त्यांनी पुन्हापुन्हा तरंगवलेला ग्लायडर या पानांवर आहे. आणि त्या ग्लायडरमधूनही त्यांनी प्रामुख्याने मागितलं ते हवेत डावी-उजवीकडे न कलंडण्याचं तंत्र. उडण्यावर त्यांनी हक्क सांगितला नाही, तोलावर सांगितला. या निवडीतच सगळं कसब आहे, आणि ते ओळीओळीतून पाहण्यासारखं आहे.

हा लेखनप्रकार आला कुठून, ते आधी थोडक्यात. पेटंट हा मुळात सौदा आहे. शोधकाने आपलं गुपित पूर्ण उघड करायचं, इतक्या तपशिलाने की त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती वस्तू बनवता यावी. बदल्यात ठरावीक वर्षं इतरांना ती करण्यापासून रोखायचा हक्क घ्यायचा. मुदत सरली की ते ज्ञान सर्वांचं. व्हेनिसने १४७४मध्ये असा कायदा केला तेव्हा मुदत दहा वर्षांची होती. इंग्लंडात राजे मर्जीतल्या लोकांना मीठ आणि खेळायचे पत्ते यांचेसुद्धा मक्ते वाटत सुटले, तेव्हा संसदेने १६२४मध्ये ते मक्ते मोडीत काढले आणि नव्या शोधांचा अपवाद तेवढा चौदा वर्षांसाठी राखला. कारागिराच्या हाताखालची उमेदवारी सात वर्षांची, तशा दोन उमेदवाऱ्यांइतका हा काळ, असं त्या चौदाचं कारण सांगितलं जातं. मला हा हिशेब फार आवडतो. कायद्याने मुदत मोजली ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जायला लागणाऱ्या वेळाने. अमेरिकेचा पहिला कायदा १७९०चा. तेव्हा अर्ज तपासणाऱ्या तिघांमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन होते. १८३६मध्ये व्यवस्था बदलली, जाणकार परीक्षक नेमले गेले, क्रमांक एकपासून नवी मोजणी सुरू झाली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कार्यालयाला आग लागून आधीच्या सुमारे दहा हजार पेटंटांचं दप्तर जळालं. राइट बंधूंचा आकडा या नव्या मोजणीतला आहे.

अमेरिकी पेटंटं मंगळवारी निघतात. २२ मे १९०६ हा मंगळवारच होता. आणि त्याच्या बरोबर ५७ वर्षं आधी, २२ मे १८४९च्या मंगळवारी, त्याच कार्यालयाने ६४६९ क्रमांकाचं पेटंट दिलं होतं: उथळ पाण्यात अडकलेली बोट हवेने फुगवलेल्या कप्प्यांनी वर उचलण्याच्या साधनाचं. अर्जदार होते इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डचे वकील अब्राहम लिंकन. अमेरिकेच्या अध्यक्षांमध्ये स्वतःच्या नावावर पेटंट असलेले ते एकटेच. एकाने पाण्यात रुतलेली वस्तू वर उचलायला हवेची मदत घेतली, दुसऱ्यांनी हवेतली वस्तू सरळ ठेवली, आणि दोघांना तारीख मिळाली ती एकच. दप्तर चाळण्याचं सुख असल्या शेजारांमध्ये असतं.

क्रमांक ठाऊक असला की शोध सोपा. नसला तर मात्र कस लागतो, आणि इथे हे पेटंट स्वतःच उत्तम धडा देतं. ‘विंग’ हा शब्द घालून शोधणाऱ्याच्या हाती ते लागेलच असं नाही, कारण आपण ज्याला पंख म्हणतो त्याला राइट बंधू इथे ‘एअरोप्लेन’ म्हणतात. त्यांच्या मजकुरात एअरोप्लेन म्हणजे अख्खं विमान नव्हे, यंत्राला हवेत पेलणारा पृष्ठभाग. शिवाय अमेरिकी कार्यालयाकडे मुळातून संगणकावर असलेला मजकूर १९७६नंतरचा. त्याआधीची पेटंटं म्हणजे छापील पानांची चित्रं, आणि त्यांवरून यंत्राने वाचून काढलेला मजकूर, जो पुसट अक्षरावर ठेचकाळतो. म्हणून जाणता शोधक शब्दावर विसंबत नाही; तो वर्ग धरतो. पेटंट कार्यालयं प्रत्येक दस्तऐवजाला त्यातल्या विषयाचं वर्गचिन्ह लावतात. ‘बी ६४ सी’ हा वर्ग विमानांचा, त्यातला तिसरा गट पंखांचा, आणि त्या गटाच्या एका उपविभागात पंखाला पीळ देण्याची साधनं येतात. शब्द शतकागणिक बदलले तरी वर्ग त्यांना एका फळीवर आणून ठेवतो. युरोपीय कार्यालयाचं ‘एस्पासनेट’ १९९८पासून हे भांडार सगळ्यांना फुकट उघडं आहे, गूगलने २००६मध्ये आपलं दालन उघडलं, आणि भारतीय पेटंटांसाठी आपल्या कार्यालयाची शोधसेवा आहे. या राइट पेटंटाच्या बाबतीत तर संगणकावरच्या प्रतीने कागदावर ताण केली. मूळ फाइल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून १९८०नंतर बेपत्ता होती. २०१६मध्ये ती सापडली कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा गावी, चुनखडीच्या गुहेत केलेल्या कागदपत्रांच्या साठवणीत, चुकीच्या जागी ठेवलेली. अस्सल कागद हरवलेले असताना जगात कुणालाही त्यातला शब्दन्‌शब्द घरबसल्या वाचता येत होता.

आता चित्रं. पेटंटातलं रेखाटन हा एक वेगळाच कलाप्रकार आहे. पांढऱ्यावर काळी शाई, सजावट शून्य, प्रत्येक भागाला आकडा. पहिल्या आकृतीत अख्खं यंत्र तिरक्या कोनातून दिसतं: एकावर एक दोन लांबट पृष्ठभाग, वरच्याला १, खालच्याला २, मधे उभ्या काठ्या, आणि त्यांना कर्णांनी बांधणाऱ्या तारा. दुसरी आकृती वरून पाहिल्यासारखी, तिसरी बाजूने. चौथी आणि पाचवी मात्र एकदम जवळ येतात आणि एकच सांधा दाखवतात: उभी काठी पंखाला जिथे जोडली जाते तो लवचीक जोड. अख्ख्या यंत्राच्या तीन आकृत्यांनंतर इतक्या छोट्या भागासाठी दोन स्वतंत्र आकृत्या खर्च केल्या आहेत. का? कारण सगळा पीळ त्या सांध्यावर अवलंबून आहे. तिथे काठी घट्ट बसवली तर चौकट ताठ राहील आणि पंख वळणार नाहीत. सैल सोडली तर यंत्र खिळखिळं होईल. उभा भार पेलायचा आणि तरी कोनात हलायला मोकळीक द्यायची, ही परस्परविरोधी मागणी त्या एका जोडाने पुरी केली आहे. पुलांच्या बांधणीत जशी तारांची आणि काठ्यांची जाळी असते तशीच इथे आहे, पण पुढची कड ताठ आणि मागचे कोपरे हलते. सायकलचं दुकान चालवणाऱ्या या भावांच्या, सायकली दुरुस्त करणाऱ्या हातांची ही समज आहे, आणि चित्रकाराने ती ओळखून बरोबर तिथे नजर नेली आहे.

मजकुराचं पहिलं वाक्यच पाहा. आपला शोध कोणत्या जातीच्या यंत्रांना लागू आहे ते सांगताना ते म्हणतात की हवेतून लहान कोनात कडेवर पुढे सरकणाऱ्या पृष्ठभागांनी ज्याचा भार पेलला जातो अशी यंत्रं, मग ती पुढे सरकोत यांत्रिक शक्तीने किंवा गुरुत्वाकर्षणाच्या उपयोगाने. त्या ‘किंवा’त केवढी दूरदृष्टी आहे! हातात आहे तो उतारावरून घसरणारा ग्लायडर. त्याची ताकद म्हणजे पृथ्वीची ओढ. पण उद्याचं इंजिन एका अव्ययाच्या जोरावर आत येऊन बसतं. १७ डिसेंबरला जे घडलं ते या वाक्यात मार्चमध्येच सामावलेलं होतं, आणि त्यासाठी एक शब्दही नंतर बदलावा लागला नसता.

मग येतो गाभा. पंखांचे मागचे कोपरे दोरीने एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली ओढायचे, म्हणजे अख्ख्या पंखाला मळसूत्री पीळ बसतो. ज्या बाजूचा पंख वाऱ्याला जास्त कोनात भिडतो ती बाजू वर उचलली जाते, दुसरी खाली येते. यंत्र कलंडत असेल तर उलटा पीळ द्यायचा की ते सरळ होतं. दोरी हलवायला चालकाचे हात लागत नाहीत. तो पालथा झोपलेला असतो, त्याच्या अंगाखाली डावी-उजवीकडे सरकणारा एक पाळणा असतो, आणि पीळ त्याच्या अंगाच्या सरकण्याने बसतो. इथपर्यंत ही एक चतुर युक्ती आहे. विल्बरला ती १८९९मध्ये सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं दोन टोकांना धरून उलटसुलट पिळताना सुचली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी पाच फुटी पतंगावर त्याने ती करून पाहिली.

पण खरा उस्ताद पुढच्या परिच्छेदात दिसतो. ज्या बाजूचा कोन वाढला ती बाजू वर तर जाते, पण तिला वाऱ्याचा विरोधही जास्त होतो. ती मागे रेंगाळते. परिणामी यंत्र उभ्या अक्षाभोवती फिरू लागतं, नाक नको त्या दिशेला वळतं, आणि जो तोल सावरायचा होता तोच बिघडतो. १९०२च्या ग्लायडरने त्यांना हे चांगलंच दाखवलं होतं. सुरुवातीला मागे घट्ट बसवलेली उभी शेपटी होती आणि तिने काही उड्डाणांत अडचण वाढवली. ऑर्व्हिलने सुचवलं की शेपटी हलती करावी. विल्बरने तिची दोरी पीळ देणाऱ्या पाळण्यालाच बांधली. पेटंटात हे सगळं नाट्य वगळलेलं आहे. उरलं आहे ते थंड, नेमकं विधान की उभं सुकाणू अशा रीतीने वळवायचं की त्याचा विरोध कमी कोनाच्या बाजूला यावा आणि दोन्ही बाजूंचा वेग समान राहावा. निदान आणि उपचार एकाच वाक्यात. आधीच्या कित्येकांनी पंख हलवण्याच्या कल्पना मांडल्या होत्या, पण या औषधाला दुष्परिणाम आहे आणि त्याचा उतारा दुसऱ्या टोकाला, शेपटीत आहे, हे ज्याने प्रत्यक्ष हवेत अनुभवलं तोच लिहू शकतो. कागदावर बसून हे सुचत नाही. अर्जाच्या भाषेत भावनेचा लवलेश नाही, तरी वाळूत आदळलेल्या त्या यंत्राचा अनुभव मला त्या वाक्यामागे स्पष्ट जाणवतो.

वर्णनाच्या ओघात, सहज बोलल्यासारखं, आणखी एक वाक्य येतं: आमचा शोध या विशिष्ट बांधणीपुरता नाही, पंखांच्या दोन्ही कडांचे कोन परस्परविरुद्ध दिशांना बदलता येतील अशी कोणतीही बांधणी त्याच्या कक्षेत येते. बहुतेक पेटंटांत असलं वाक्य शेवटी सवयीने चिकटवलेलं असतं. इथे ते कमावलेलं आहे. कापड, तार, दोरी, पाळणा हे सगळं इतक्या बारकाईने सांगून झाल्यावर लेखक एक पाऊल मागे घेतो आणि त्या सगळ्यांतून वेगळं काढलेलं तत्त्व उचलून दाखवतो: कडांचे कोन, उलट दिशांना. वस्तू बाजूला ठेवून नातं पकडण्याची ही झेप आहे, आणि पुढे न्यायालयांत ती किती दूर गेली ते बघितलं की अचंबा वाटतो.

पेटंटाचा प्राण दाव्यांमध्ये असतो. वर्णन शिकवतं, हक्क मिळतो तो दाव्यांच्या शब्दांपुरता. या दस्तऐवजात अठरा दावे आहेत आणि प्रत्येक दावा, कायद्याच्या रिवाजाप्रमाणे, एकच वाक्य. पहिल्या दाव्याचा आशय मराठीत असा: उडत्या यंत्रात, एक सामान्यतः सपाट एअरोप्लेन, ज्याच्या दोन्ही बाजूंचे कडेचे भाग मुख्य अंगाच्या नेहमीच्या पातळीच्या वर किंवा खाली वेगवेगळ्या स्थितींत हलू शकतात, ही हालचाल उड्डाणाच्या रेषेला आडव्या अक्षाभोवती होते, ज्यायोगे हे भाग त्या पातळीशी वेगवेगळे कोन करून वाऱ्याला वेगवेगळ्या कोनांत सामोरे जातात, आणि हे भाग तसे हलवण्याचं साधन, मुख्यतः वर वर्णन केल्याप्रमाणे.

आता यात काय नाही ते मोजा. कापड नाही. तार नाही. दोन मजली पंख नाहीत, एकच पुरे. पाळणा नाही, दोरी नाही, माणूस नाही. उभं सुकाणूसुद्धा नाही. नियम असा की दाव्यातला प्रत्येक घटक समोरच्याच्या यंत्रात सापडला तरच उल्लंघन ठरतं. म्हणजे दाव्यातला प्रत्येक जादा शब्द हा कुंपणाचा आत सरकवलेला खांब. शब्द वाढले की वावर आक्रसतं. पहिल्या दाव्यात ते जितकं पसरेल तितकं पसरू दिलं आहे. ‘सामान्यतः सपाट’मधला ‘सामान्यतः’ तर लाजवाब. पंखाला बाक असतो, वाऱ्याने कापड फुगतं, पीळ देताना तो सपाट राहतच नाही. हे सगळे प्रकार त्या एका क्रियाविशेषणाने आत घेतले. दुसऱ्या दाव्यात दुमजली रचना येते. तिसरा पहिल्यासारखाच, फक्त दोन्ही कडा एकमेकींशीही वेगळे कोन करतात आणि साधन त्यांना ‘एकाच वेळी’ हलवतं. पुढे हळूहळू काठ्या, दोऱ्या, सुकाणू दाखल होतात. रुंद दावा एखाद्या जुन्या कागदामुळे ढासळला तर अरुंद दावा मागे उभा असावा, अशी ही पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली माघारीची वाट आहे.

नुसती रुंदी मात्र कामाची नाही. त्याचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेलं ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट उघडून पाहा. त्याचा पहिला दावा चिमुकला आहे: जखम भरून यावी म्हणून रुग्णाला हळदीची पूड पुरेशा प्रमाणात देण्याची पद्धत. हा दावा इतका रुंद आहे की आपल्या प्रत्येक आजीचा डबा त्यात येतो. आणि नेमक्या त्याच कारणाने तो टिकला नाही. कारण पेटंटाची पहिली अट नावीन्याची. जे आधीच जाहीरपणे ठाऊक आहे त्यावर हक्क नाही. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३चा एक निबंध यांसारखे छापील पुरावे अमेरिकी कार्यालयापुढे ठेवले, आणि १९९७मध्ये दावे फेटाळले गेले. आज त्या पेटंटाच्या नोंदीत शोध घेतला तर फेरतपासणीचं प्रमाणपत्रही सापडतं, ज्यात दावे रद्द झाल्याचं नमूद आहे. आजीचं ज्ञान पुरेसं नव्हतं. तारखेसह छापलेला कागद लागला. म्हणूनच २००१पासून भारताने पारंपरिक ज्ञानाचं संगणकीय ग्रंथालय उभारायला घेतलं, परीक्षकाला शोधता येईल अशा वर्गवारीत.

राइट बंधूंच्या दाव्यांचं श्रेय केवळ त्यांचं नाही, आणि ते सांगायलाच हवं. १९०३चा मूळ अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता, आणि परीक्षकाने तो परत केला. चांगला वकील गाठा, असा सल्लाही दिला. १९०४च्या जानेवारीत ते ओहायोमधल्याच स्प्रिंगफील्डच्या हॅरी टूलमिन यांच्याकडे गेले. यंत्र आपल्याजवळ राहू द्या, नियंत्रणाची रीत मागा, हा रोख टूलमिनचा. पेटंट वाचताना दोन आवाज वेगळे ऐकू येतात असं मला वाटतं: वाऱ्याचं वागणं सांगणारा डेटनच्या बंधूंचा, आणि ‘ज्यायोगे’, ‘मुख्यतः’, ‘साधन’ अशा शब्दांनी त्याला अभेद्य करणारा टूलमिनचा. दोघांची इतकी एकजीव जुळणी क्वचित आढळते.

एक बारीक खूण सहीच्या जागी आहे. दोन्ही भावांच्या नावांखाली साक्षीदारांची नावं आहेत, आणि त्यांतलं एक आहे चार्ल्स ई. टेलर. सायकलच्या दुकानातला त्यांचा हा यंत्रकारागीर म्हणजेच पहिल्या विमानाचं बारा अश्वशक्तीचं इंजिन घडवणारा माणूस. ज्या दस्तऐवजातून इंजिन संपूर्ण वगळलं आहे, त्यावर इंजिन घडवणाऱ्याची सही आहे. त्याच्या कामाला तिथे जागा नव्हती, पण नाव राहिलं. मला ते वाचताना दर वेळी आनंद होतो. वगळलेलं आणखी एक आहे: १९०१मध्ये हवेच्या बोगद्यात पंखांच्या शेकडो नमुन्यांवर केलेल्या मोजमापांचे तक्ते. तोलाचं तत्त्व समजून घ्यायला ते लागत नाहीत, म्हणून ते नाहीत. सौद्यात जेवढं देणं होतं तेवढं पुरतं दिलं.

न्यायालयात या वाक्यांची परीक्षा झाली. विमान बनवणारा त्यांचा प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस याच्या विमानांचे पंख ताठ होते, पिळत नव्हते; दोन पंखांच्या मधे दोन टोकांना छोट्या हलत्या पट्ट्या होत्या. डोळ्यांना हे पूर्ण वेगळं यंत्र. पण शब्दांना? दोन्ही कडांचे भाग, आडव्या अक्षाभोवती, उलट कोनांत. न्यायाधीश जॉन हेझल यांनी १९१०मध्ये कर्टिसविरुद्ध मनाई हुकूम दिला, १९१३मध्ये निकालही राइट बंधूंच्या बाजूने दिला, आणि १९१४च्या जानेवारीत अपील न्यायालयाने तो कायम केला. हे मूळ वाट पाडणारं पेटंट आहे, म्हणून त्याचे दावे उदारपणे वाचायचे, ही भूमिका तिथे निर्णायक ठरली. जर्मनीत उलट झालं. राइट बंधूंचे स्नेही ऑक्टाव्ह शॅन्यूट यांनी १९०३च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या भाषणात ग्लायडरची माहिती दिली होती. अशा आधीच्या वाच्यतेमुळे तिथे नुसत्या पिळाचा दावा उरला नाही, पीळ आणि सुकाणू यांची जोडी तेवढी टिकली. म्हणजे ती माघारीची वाट खरोखर उपयोगी पडली. या सगळ्याची किंमत जबर होती. विल्बरची अखेरची वर्षं वकिलांबरोबर गेली. १९१२च्या मेमध्ये विषमज्वराने तो वारला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. १९१७मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा विमान बनवणाऱ्यांची पेटंटं एका सामायिक संघात आणावी लागली. या हक्कामुळे अमेरिकेतली विमानविद्या मागे पडली का, यावर इतिहासकार आजही भांडतात. माझं मत असं की दावा इतका रुंद नसता तर माणूस अधिक उडाला असता; पण म्हणून दाव्याची घडण कमअस्सल ठरत नाही.

ज्यांना हे पेटंट आवडेल त्यांनी लगेच त्याच्या शेजारी ५८२७५७ क्रमांक उघडावा. १८ मे १८९७, तोही मंगळवार. लेखक लुई मुइयार, कैरोत राहून गिधाडांचं उडणं न्याहाळणारा फ्रेंच माणूस. त्याला हे पेटंट मिळवून द्यायला शॅन्यूटनेच हातभार लावला होता. कर्टिसच्या वकिलांनी जुने कागद धुंडाळले त्यात हेही होतं. वरवर पाहिलं तर इथेही पंखाचा मागचा भाग एका बाजूला खाली ओढण्याची सोय आहे. हालचाल तीच, कापडही तेच. पण मुइयारला ती हवी होती वळण्यासाठी: एका बाजूला वाऱ्याचा विरोध वाढवायचा, ती बाजू मागे राहील, आणि यंत्र त्या दिशेला फिरेल. त्याच्यासाठी तो विरोध हेच साधन. राइट बंधूंनी त्याच विरोधाला अडचण म्हणून ओळखलं आणि शेपटीतल्या सुकाणूने तो फेडला. दोन्ही पेटंटं समोरासमोर ठेवून मुइयारचा परिच्छेद आधी आणि राइट बंधूंचा नंतर वाचला, की नऊ वर्षांच्या अंतरात नेमकं काय नवीन झालं ते एका क्रियापदाच्या फरकाने कळतं.